श्राव्य दिनक्रमाचे रूप : बी.बी.सी. रेडिओ फोरचा एक दिवस

१

आपला विषय कोठे सुरू होतो व कोठे संपतो, हा प्रश्न साहित्यसमीक्षेला सहसा पडत नाही. कविता पानावर संपते, कादंबरीला अखेरचे प्रकरण असते, नाटकाचा पडदा पडतो. नभोवाणीकडे वळताच मात्र हा प्रश्न पहिल्याच पावलाला आडवा येतो. एखादी श्रुतिका, एखादे भाषण, एखादी मुलाखत वेगळी काढून तिचे परीक्षण करता येते; नभोवाणीविषयीचे लेखन बहुधा याच मार्गाने जाते. परंतु ज्याने वर्षानुवर्षे नभोवाणी ऐकली आहे, त्याच्या स्मरणात ती श्रुतिका एकटी नसते. तिच्या आधीची बातमी, तिच्यानंतरचा हवामानाचा अंदाज, दोहोंच्या मध्ये येणारा निवेदकाचा स्वर आणि ती ऐकताना घरात चाललेले काम, या साऱ्यांसह ती त्याला आठवते. तेव्हा, नभोवाणीच्या समीक्षेचा खरा घटक सुटा कार्यक्रम मानावा की संपूर्ण दिवस, हा विचार करणे अगत्याचे ठरते.

प्रस्तुत लेखात या प्रश्नाची चर्चा ब्रिटनमधील बी.बी.सी. रेडिओ फोर या केंद्राच्या आधारे करावयाची आहे. हे केंद्र निवडण्याचे कारण उघड आहे. ते जवळजवळ संपूर्णपणे बोललेल्या शब्दाचे केंद्र आहे. वृत्ते, चर्चा, नाटक, पुस्तकवाचन, विनोद, विज्ञान, शेती, धर्मचिंतन व संसदवृत्त असे नाना प्रकार तेथे एकाच दिवसात एकापाठोपाठ येतात. एवढ्या विविधतेत एकरूपता कशी राहते, हाच विवेचनाचा विषय होय. येथे एखाद्या विशिष्ट तारखेचे वृत्त द्यावयाचे नसून, कामाच्या सामान्य दिवशी नित्य परतणारे कार्यक्रमच विचारात घेतले आहेत.

आमचे प्रतिपाद्य थोडक्यात असे : या दिवसाला लाभलेले रूप कोणा एका योजकाने आखलेले नाही. घड्याळ आणि संबोधनाची एक विशिष्ट रीत, या दोन गोष्टींनी ते घडविले आहे. म्हणूनच आज जेव्हा हा दिवस सुट्या, निवडून ऐकावयाच्या कार्यक्रमांत विभागला जात आहे, तेव्हा कार्यक्रम टिकूनही रूप नष्ट होण्याचा संभव आहे.

२

रेडिओ फोर हे नाव ३० सप्टेंबर १९६७ रोजी अस्तित्वात आले. तत्पूर्वी त्याच्या जागी 'होम सर्व्हिस' होती. ती १ सप्टेंबर १९३९ रोजी, म्हणजे महायुद्धाच्या उंबरठ्यावर, सुरू झाली होती. परंतु या केंद्राचे म्हणून आज जे कार्यक्रम ओळखले जातात, त्यांतील कित्येक मुळात त्याचे नव्हेत. 'डेझर्ट आयलंड डिस्क्स' हा कार्यक्रम २९ जानेवारी १९४२ रोजी सैनिकांसाठीच्या केंद्रावरून प्रथम प्रसारित झाला. 'वुमन्स अवर' ७ ऑक्टोबर १९४६ रोजी 'लाइट प्रोग्रॅम' या मनोरंजनपर केंद्रावर जन्माला आला आणि १९७३ मध्ये येथे आला. 'द आर्चर्स' ही ग्रामीण मालिकाही १ जानेवारी १९५१ पासून राष्ट्रीय स्तरावर प्रसारित होऊ लागली ती 'लाइट प्रोग्रॅम'वरूनच. जहाजांसाठीचा हवामान-अंदाज तर नोव्हेंबर १९७८ मध्ये येथे आला, आणि तोही निव्वळ तांत्रिक कारणाने. त्या वेळी रेडिओ फोरला दीर्घ तरंगलांबी मिळाली. ती समुद्रात दूरवर पोहोचते. म्हणून नाविकांचा अंदाज तिच्या मागोमाग आला.

तात्पर्य, हा दिवस नदीच्या गाळाने बनलेल्या भूमीसारखा थराथराने साचलेला आहे. पुढे त्या भूमीवर वस्ती झाली आणि राहणाऱ्यांना ती अनादी वाटू लागली. रूप म्हणजे कर्त्याच्या हेतूची अभिव्यक्ती, अशी व्याख्या आपण नकळत गृहीत धरतो. या उदाहरणात ती अपुरी पडते. येथे हेतू अनेक आहेत, कर्ते अनेक आहेत, काही निर्णय तर अभियंत्यांचे आहेत. तरीही रूप आहे. याचे आपल्या परिचयाचे उदाहरण द्यावयाचे तर ओवीबद्ध लोकगीतांचे देता येईल. तेथेही कर्ता हरवतो आणि रूप उरते.

३

या रूपाचे पहिले सूत्र घड्याळ. तासाच्या टोकाला सहा टिपके ऐकू येतात, पाच आखूड आणि सहावा लांब. ही वेळेची खूण ग्रीनिचच्या वेधशाळेच्या साहाय्याने ५ फेब्रुवारी १९२४ पासून दिली जाऊ लागली. सायंकाळी सहाच्या व मध्यरात्रीच्या बातम्यांपूर्वी वेस्टमिन्स्टरच्या मोठ्या घंटेचे ठोके पडतात. सकाळचे 'टुडे' १९५७ पासून, दुपारी एकचे वृत्त १९६५ पासून, पाचचे 'पीएम' व रात्री दहाचे 'द वर्ल्ड टुनाइट' ही दोन्ही १९७० पासून चालत आली आहेत. या वृत्तांच्या खांबांवर दिवसाचे छप्पर उभे आहे. त्यांच्याविषयी येथे अधिक लिहिण्याचे कारण नाही. वृत्तकथनाची चिकित्सा हा स्वतंत्र विषय आहे. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे एवढेच, की दोन खांबांमध्ये जे येते त्याला मर्यादा पडते आणि त्या मर्यादेतूनच त्याचा घाट ठरतो. पंधरा मिनिटांचे भाषण, पाऊण तासाची श्रुतिका, अर्ध्या तासाचा विनोद ही परिमाणे वृत्तासारखीच आहेत, फक्त येथे मात्रांऐवजी मिनिटे मोजावयाची.

दुसरे सूत्र संबोधनाचे. बी.बी.सी.च्या भाषण-विभागाचे संचालकपद १९२७ मध्ये हिल्डा मॅथेसन यांच्याकडे आले. सभेत शोभणारे वक्तृत्व ध्वनिक्षेपकापुढे निरुपयोगी ठरते आणि वक्त्याने एका माणसाशी बोलावे तसे बोलले पाहिजे, हा विचार त्यांनी त्या विभागात रुजविला. लाखो लोक ऐकत असले तरी ते एकत्र बसलेले नसतात. प्रत्येक जण आपापल्या घरात एकटा असतो. हे आज सर्वपरिचित वाटते, परंतु त्या काळी तो बोलण्याच्या कलेतील मोठा पालट होता. आपल्या परंपरेतील कीर्तनकार वा व्याख्याता श्रोत्यांचे डोळे पाहून बोलतो, त्यांच्या हुंकारावर पुढे सरकतो. नभोवाणीच्या वक्त्याला हुंकार मिळत नाही. तो त्याला कल्पनेने आपल्याच वाक्यरचनेत सोडलेल्या विरामातून निर्माण करावा लागतो. या परंपरेचा आपल्याशी प्रत्यक्ष संबंधही आहे. मॅथेसन यांच्या विभागात काम केलेले लायनेल फील्डन १९३५ मध्ये भारतातील नभोवाणीची सूत्रे घेण्यास आले आणि १९३६ मध्ये त्यांच्याच कारकीर्दीत 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव रूढ झाले.

एकाशी बोलण्याच्या या रीतीचा साक्षात प्रतिनिधी म्हणजे दोन कार्यक्रमांमधला निवेदक. त्याला सूत्रधार म्हणावे असा मोह होतो. पण संस्कृत नाटकातील सूत्रधार प्रस्तावना संपताच निघून जातो. हा निवेदक मात्र प्रत्येक प्रवेशानंतर परततो. युद्धाच्या बातमीनंतर विनोदी कार्यक्रम आणावयाचा असतो, तेव्हा त्या दोहोंमधील अंतर दोन वाक्यांत आणि एका विरामात ओलांडण्याची कामगिरी त्याची असते. तो मत देत नाही, दुःख दाखवीत नाही, हसतही नाही. केवळ स्वराची पातळी बदलतो. दिवसाची एकात्मता ज्या सांध्यांवर अवलंबून आहे, ते सांधे याच्याच हाती असतात.

या दोन सूत्रांत ओवलेले कार्यक्रम एकमेकांवर प्रकाश टाकतात. 'डेझर्ट आयलंड डिस्क्स'मध्ये निर्जन बेटावर न्यावयाच्या आठ ध्वनिमुद्रिका पाहुण्याने निवडावयाच्या असतात. परंतु शब्दप्रधान केंद्रावर ते संगीत साक्षीदार म्हणून येते. गाणे वाजते आणि माणूस आईविषयी बोलू लागतो. उलट १९६७ पासूनच्या 'जस्ट अ मिनिट' या खेळात दिलेल्या विषयावर एक मिनिट न अडखळता, पुनरुक्ती न करता आणि विषय न सोडता बोलावयाचे असते. हे जवळजवळ कोणालाच साधत नाही आणि त्यातूनच हशा पिकतो. पण दिवसभर ऐकणाऱ्याच्या ध्यानात येते, की अडखळणे, पुन्हा म्हणणे आणि भरकटणे हेच जिवंत बोलण्याचे धर्म आहेत. खेळात जो दोष, तोच सकाळच्या मुलाखतीत सत्याचा पुरावा ठरतो. मंत्री कोठे अडखळला, हे ऐकण्यासाठीच ती मुलाखत ऐकली जाते. असा अर्थ कोणत्याही एका कार्यक्रमात नाही. तो दोहोंच्या सान्निध्यातून उत्पन्न होतो.

४

'द आर्चर्स' या मालिकेचा विचार थोडा विस्ताराने केला पाहिजे, कारण दिवसाचे रूप आणि कलाकृतीचे रूप यांचा संबंध तिच्यात सर्वांत स्पष्ट दिसतो. गॉडफ्रे बेसली यांनी ती निर्माण केली तेव्हा युद्धोत्तर टंचाईचा काळ होता. अन्नधान्याचे शिधावाटप अद्याप संपले नव्हते. कृषिमंत्रालयाच्या सल्ल्याने, कथेच्या मिषाने शेतकऱ्यांना नव्या पद्धती सांगाव्यात, असा तिचा प्रकट हेतू होता. अ‍ॅम्ब्रिज हे तिचे गाव काल्पनिक आहे. प्रचारासाठी जन्मलेले वाङ्मय अल्पायुषी असते, असा आपला अनुभव. हे मात्र पाऊणशे वर्षे टिकले. सायंकाळी सातला सुमारे तेरा मिनिटांचा भाग लागतो आणि दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला त्याची पुनरावृत्ती होते.

त्याच्या दीर्घायुष्याचे कारण त्याच्या काळाच्या योजनेत आहे. कादंबरी वर्षे चार ओळींत ओलांडू शकते. नाटक एका रात्रीत आयुष्य दाखवू शकते. या मालिकेतील काळ श्रोत्याच्या काळाच्याच गतीने चालतो. येथे मूल जन्मले तर ते मोठे होण्यास वीस वर्षे लागतात. सुगी श्रोत्याच्या सुगीच्या वेळीच येते. २००१ मध्ये ब्रिटनमधील गुरांवर लाळ-खुरकताची साथ आली, तेव्हा तिची छाया या गावावरही पडली. २२ सप्टेंबर १९५५ रोजी ग्रेस आर्चर ही तरुण नायिका आगीत मरण पावली, तेव्हा श्रोत्यांमध्ये हळहळ झाली. त्याच रात्री ब्रिटनमधील पहिली व्यापारी दूरचित्रवाणी सुरू होत होती, हा योगायोग नव्हे, असे मानले जाते. परंतु या प्रसंगापेक्षा मालिकेचे सामर्थ्य तिच्या दुसऱ्या एका कथानकात अधिक दिसते.

२०१३ पासून तीन वर्षे हेलन आणि रॉब यांचे कथानक चालले. रॉब प्रथम प्रेमळ भासतो. मग तो तिच्या कपड्यांविषयी काही बोलतो, मैत्रिणींना दूर करतो, गाडी चालवू देत नाही, तिला स्वतःच्याच स्मरणाविषयी संशय निर्माण करतो. कोणत्याही एका भागात अत्याचार म्हणावा असे काही घडत नाही. तेरा मिनिटांत एखादे वाक्य खटकते, आणि लगेच दिवस पुढे सरकतो. प्रत्यक्ष जीवनात असे छळ नेमके याच गतीने होतात. म्हणूनच ते शेजाऱ्याला दिसत नाहीत, आणि जिच्यावर होतात तिलाही उशिरा उमगतात. नाट्यगृहात दोन तासांत हाच विषय मांडावयाचा तर खलनायकाला लवकर ओळखू येईल असे करावे लागते, आणि तेथेच विषयाचे मर्म हरपते. इंग्लंड व वेल्समध्ये अशा दबावपूर्ण नियंत्रणाला स्वतंत्र गुन्हा ठरविणारी तरतूद डिसेंबर २०१५ मध्ये अमलात आली. त्यानंतर काही महिन्यांतच, एप्रिल २०१६ मध्ये, हेलनने रॉबवर सुरी चालविली. सप्टेंबरमध्ये खटल्याचा निकाल एक तासाच्या विशेष भागात लागला आणि ती निर्दोष सुटली. दरम्यान श्रोत्यांनी छळग्रस्त स्त्रियांना आश्रय देणाऱ्या संस्थेसाठी एक लाख पौंडांहून अधिक निधी जमविला होता.

काल्पनिक स्त्रीसाठी खरा पैसा जमावा, ही गोष्ट भाबडेपणाची मानून सोडून देणे सोपे आहे. आमच्या मते ते बरोबर नाही. श्रोत्यांना हेलन काल्पनिक आहे हे ठाऊक होते. परंतु त्यांनी ती गोष्ट स्वयंपाक करताना, भांडी विसळताना, ज्या घरात हे घडू शकते त्याच घरात बसून, रोज थोडी थोडी ऐकली होती, आणि आपल्यालाही वेळेवर कळले नाही, ही टोचणी त्यांना होती. साधारणीकरणाची चर्चा आपण रंगमंदिराच्या अंधारात बसलेल्या सहृदयाला समोर ठेवून करतो. नित्यक्रमात बुडालेल्या श्रोत्याचे साधारणीकरण कसे होते, याचा विचार अद्याप व्हावयाचा आहे.

५

दिवसाचा शेवट सर्वांत विलक्षण आहे. मध्यरात्रीनंतर पाऊण वाजण्याच्या सुमारास रोनल्ड बिंज यांची एक संथ धून वाजते आणि जहाजांसाठीचा हवामान-अंदाज वाचला जातो. ब्रिटिश बेटांभोवतीच्या समुद्राचे एकतीस विभाग केलेले आहेत. त्यांची नावे ठरलेल्या क्रमाने येतात. व्हायकिंगपासून आरंभ होऊन क्रम साधारणपणे घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरत आग्नेय आइसलंडपर्यंत जातो. नावांतही इतिहास आहे. 'डॉगर' हा समुद्रातील वाळूचा उंचवटा. 'फॉर्टीज' हे नाव तेथील चाळीस वाव खोलीवरून पडलेले. आणि 'फिट्झरॉय' हे २००२ मध्ये दिलेले नाव ब्रिटिश हवामानखात्याच्या संस्थापकाचे. संपूर्ण मजकूर सुमारे साडेतीनशे शब्दांत, आणि रात्रीच्या खेपेस ३८० शब्दांत, बसवावा लागतो. वादळी वाऱ्याच्या सूचनेत प्रत्येक शब्दाला नेमके मोल आहे : 'लवकरच' म्हणजे सहा ते बारा तासांत, 'नंतर' म्हणजे बारा तासांपुढे.

शब्दशक्तींच्या परिभाषेत सांगावयाचे तर याहून शुद्ध अभिधा मिळणे कठीण. एकही विशेषण अलंकारासाठी नाही, एकही क्रियापद भावनेसाठी नाही. तरीही ज्यांचा समुद्राशी काडीचा संबंध नाही असे असंख्य लोक हा अंदाज अंथरुणात पडून ऐकतात आणि त्यांना तो प्रार्थनेसारखा वाटतो. कॅरल अ‍ॅन डफी या कवयित्रीची 'प्रेअर' ही कविता या सागरी नावांपाशीच संपते. अभिधेतून ही व्यंजना आली कोठून? मम्मटाने आर्थी व्यंजनेची कारणे सांगताना वक्ता, बोद्धव्य, काकू, प्रस्ताव, देश, काल इत्यादींची गणना केली आहे. 'सूर्य मावळला' या एकाच वाक्यातून चोराला, अभिसारिकेला आणि गुराख्याला वेगवेगळे अर्थ कसे प्रतीत होतात, हे तर आपले पाठ्यपुस्तकातील उदाहरण. हा अंदाज म्हणजे त्याच उदाहरणाचा प्रचंड विस्तार होय. मासेमारी नौकेवरील माणसाला तो आज्ञेसारखा. शहरातील निद्रानाश झालेल्या माणसाला, कोणीतरी जागे आहे आणि कोणीतरी साऱ्या कडेकपाऱ्यांची नावे घेऊन विचारपूस करीत आहे, असे आश्वासन देणारा.

याला प्रस्तुत लेखकाच्या अनुभवाचीही एक पुष्टी देता येईल. हे थेट प्रसारण महाराष्ट्रात ऐकावयाचे तर हिवाळ्यात ते सकाळी सव्वासहाच्या सुमारास ऐकू येते. शब्द तेच, स्वर तोच. पण बाहेर दूधवाल्याची सायकल वाजत असते आणि चहाचे आधण ठेवलेले असते. प्रार्थना नाहीशी होते; कुतूहल तेवढे उरते. देश आणि काल बदलताच व्यंजना मावळते, हे मम्मटाचे म्हणणे याहून सोप्या प्रयोगाने सिद्ध होणार नाही. अर्थात तो अर्थ संहितेत नव्हता. दिवसाच्या ज्या स्थानी ती संहिता येते, त्या स्थानात होता.

६

या रूपाविषयी एक आक्षेप गंभीरपणे घेतला पाहिजे. हा दिवस 'राष्ट्राचा' म्हणविला जातो. पण कोणाच्या राष्ट्राचा? १९२६ मध्ये बी.बी.सी.ने उच्चारांविषयी सल्लागार समिती नेमली आणि दक्षिण इंग्लंडमधील सुशिक्षितांची बोली पुढे दीर्घकाळ प्रमाण राहिली. १९४१ मध्ये विल्फ्रेड पिकल्स यांनी यॉर्कशरच्या वळणाने राष्ट्रीय बातम्या वाचल्या, तेव्हा त्याचा केवढा गाजावाजा झाला, यावरूनच नियम किती दृढ होता ते कळते. आज नाना वळणांचे आवाज येथे ऐकू येतात. तरी दिवसाची चौकट मध्यमवर्गीय घरातील जेवणाच्या व झोपेच्या वेळांना धरून आहे, हे नाकारता येणार नाही. रात्रपाळी करणाऱ्याला हा दिवस उलटा भेटतो. आपल्या प्रमाणभाषेच्या वादाचे स्मरण ठेवून मराठी अभ्यासकाने ही गोष्ट विसरू नये. एकरूपतेची किंमत कोणीतरी गप्प राहून दिलेली असते.

तथापि या आक्षेपाने रूपाचे अस्तित्व खोटे ठरत नाही. त्याची मर्यादा तेवढी स्पष्ट होते. आजचा धोका मात्र वेगळ्या दिशेने आहे. एप्रिल २००६ मध्ये पहाटेच्या आरंभी वाजणारी, चारही प्रदेशांच्या लोकगीतांची गुंफण केलेली फ्रिट्झ स्पीगल यांची धून बंद करून तेथे वृत्त घालण्यात आले, तेव्हा निषेध झाला, संसदेतही विषय निघाला. ती मोजकीच मिनिटे होती. पण लोकांना दिवसाचा उंबरठा गेल्यासारखे वाटले. २०१८ मध्ये 'बी.बी.सी. साउंड्स' आले आणि हवा तो कार्यक्रम हव्या त्या वेळी ऐकण्याची सोय झाली. वेळेची खूणही आता पूर्वीची राहिली नाही. अंकीय ग्राहकयंत्रावर ते सहा टिपके काही क्षण उशिरा पोहोचतात, म्हणजे घड्याळ लावण्यास ते निरुपयोगी झाले आहेत.

या सोयीचा लाभ मोठा आहे. १९९८ मध्ये मेल्विन ब्रॅग यांनी सुरू केलेल्या 'इन अवर टाइम'चे एक हजारांहून अधिक भाग झाले आहेत. तत्त्वज्ञान, इतिहास वा विज्ञानाच्या विद्यार्थ्याला ते ग्रंथालयासारखे उपयोगी पडतात. परंतु ग्रंथालयात आपण जे शोधावयास जातो ते शोधतो. दिवस ऐकणाऱ्याला न शोधलेले मिळते. शेतीत रस नसलेला शेतीविषयी ऐकतो, 'वुमन्स अवर' पुरुषाच्या कानी पडते, वादळाचा अंदाज भूमीवर राहणाऱ्याला जागवितो. न निवडलेल्या गोष्टीशी भेट घडविणे, हे या रूपाचे कार्य आहे. आणि निवडीचे स्वातंत्र्य वाढले की तेच प्रथम लोपते. हेलनचे कथानक कोणी सलग तीन रात्रींत ऐकले, तर त्याला कथा सगळी कळेल. तिचा विलंब कळणार नाही, आणि तिचे मर्म तर विलंबातच होते.

आपल्या आकाशवाणीच्या अभ्यासकांनाही या विवेचनातून एक कार्य सुचते. 'गीतरामायणा'चा विचार आपण काव्य म्हणून, गायन म्हणून केला. पुणे केंद्रावर १९५५-५६ मध्ये ते आठवड्याला एक गीत या गतीने वर्षभर चालले, या गोष्टीचा रूपदृष्ट्या विचार क्वचितच केला. 'वनिता मंडळ', 'कामगार सभा', 'पुन्हा प्रपंच' यांचे सुटे गौरव पुष्कळ झाले. त्यांना सामावणारा मुंबई केंद्राचा एक दिवस सकाळपासून रात्रीपर्यंत कसा ऐकू येई, हे सांगू शकणारे श्रोते आज वृद्ध झाले आहेत. ध्वनिमुद्रिका जपल्या जातील. दोन कार्यक्रमांमधला निवेदकाचा विराम कोणी जपलेला नाही. तो ज्यांच्या स्मरणात आहे, त्यांना विचारून घेण्याचे काम अगोदर व्हावयास हवे.